टोपणं नसलेली पेनं

वन्संच्या पर्समध्ये मला चार पेनं सापडली, आणि एकालाही टोपण नव्हतं. अस्तरावर शाईचा हा एवढा डाग पडला होता, तो घासायला म्हणून मी पर्स रिकामी केली होती. रोजच्या वहीत मी देवाचं नाव आणि दिवसभरातल्या चार बऱ्या गोष्टी लिहिते. घाण लिहीत नाही. पण गेला महिनाभर ही घाण डोक्यातून जात नाही, तेव्हा एकदाची कागदावर उतरवते आणि हात धुते.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. वॉशिंग मशीन विकणाऱ्या एका कंपनीत तक्रारींचे फोन घेतात, बावीस वर्षं झाली. लग्न केलं नाही, आमच्या मागच्या खोलीत राहतात. लोक फोनवर आईबहिणीचा उद्धार करतात आणि ह्या म्हणतात, "बरोबर आहे साहेब. पाणी कुठून गळतंय तेवढं सांगा." ओरडणारा दमतो आणि मुकाट्यानं सांगतो. एक खोली का होईना, स्वतःची घ्यायची, एवढाच त्यांना ध्यास. आत्ताच्या पगारावर बँक कर्ज द्यायला तयार झाली होती.

टोपणं कुठे गेली विचारलं, तर म्हणाल्या, "मीच फेकते. नवीन पेन आणलं की आधी टोपण कचऱ्यात."

"का पण?"

"तू जेवलीस का?"

"आत्ताच."

"मग उद्या सांगते."

मी हट्टाला पेटले म्हणून सांगितलं. त्यांच्या टेबलांच्या रांगेवर एक सुपरवायझर आहे. बायका फोनवर नीट बोलतात की नाही हे ऐकायला तो त्यांच्या फोनला आपली वायर जोडतो आणि खुर्ची ओढून अगदी शेजारी बसतो. ऐकता ऐकता वन्संच्या पेनाचं टोपण काढतो, रिकाम्या कानात घालतो, फिरवतो, बाहेर काढून उजेडात धरून बघतो, आणि पुन्हा पेनाला लावून ठेवतो. टोपण नसलं तर करंगळी. ती मग वन्संच्या खुर्चीच्या हाताला पुसतो. वर मानेवर श्वास सोडत म्हणतो, "आवाजात जरा गोडवा आणा, मॅडम." रांगेतल्या बायकांनी त्याचं नाव टोपणराव ठेवलंय.



आणि मी तेव्हा काय म्हणाले? "दुर्लक्ष करा, वन्सं. त्याला सद्बुद्धी मिळावी म्हणून मी प्रार्थना करीन."

"सद्बुद्धी राहू दे, वहिनी. आधी साबण माग."

ह्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "कान कुणाला नसतात?"

मग कंपनीचा कागद आला. ज्यांना घरून फोन घ्यायचे असतील त्यांनी अर्ज करावा, पगारातला पाचवा हिस्सा कमी होईल. वन्सं आठ दिवस तो अर्ज उशीखाली घेऊन झोपल्या. मी मागच्या खोलीतलं टेबल मोकळं केलं, खिडकीपाशी खुर्ची मांडली. त्यांनी बसून बघितलं. मान मागे टाकली, डोळे मिटले. मागे कुणीच नव्हतं.

"बरं वाटतंय का?" मी विचारलं.

"वाटतंय. पण बँकेत विचारून आले. एवढ्या कमी पगारावर कर्ज नाही म्हणाले."

"मग राहा की इथेच. तुम्ही काय परक्या आहात?"

"परकी नाही गं. पण माझ्या दाराला माझं कुलूप असावं, एवढं वाटतं."

हे म्हणाले, "घे घरून. बसची दगदग वाचेल."

वन्सं भावाकडे वळल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे त्याच्या कानातला मळ मी माझ्या पगारातून काढायचा."

हे उठून बाल्कनीत गेले.

अर्जात कारणाचा रकाना होता. एचआरच्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, 'घरगुती अडचण' लिहा, सगळ्या तेच लिहितात, पटकन मंजूर होतं. हे ऐकून मात्र माझं टाळकं सरकलं. घाण त्यांच्या ऑफिसात आणि अडचण माझ्या घरात?

"खोटं लिहू नका, वन्सं."

"मग खरं लिहू?"

"लिहा. मी बसते शेजारी."

त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सुपरवायझर माझ्या पेनाच्या टोपणाने कान कोरतात व टोपण परत लावतात. मला ऑफिसात येण्यास हरकत नाही, पगारही आहे तोच हवा. घरून काम त्यांना द्यावे. ऐकण्याचे काम घरूनही होते.' मग ती चार बोडकी पेनं पाकिटात घालून अर्जाला टाचली.

एचआरच्या बाई आधी हसल्या म्हणे. मग त्यांनी त्या रांगेचे अर्ज काढले. सहा खुर्च्या, वन्सं सोडून पाच अर्ज, पाचांवर 'घरगुती अडचण'. एकेकीला आत बोलावलं. एक तर आत जाऊन नुसती रडली. पगार कापून घ्यायला पाच बायका तयार होत्या, आणि कारण विचारायचं कुणालाही सुचलं नव्हतं.

आज निकाल लागला. टोपणराव आजपासून घरून काम करतात. 'कामाच्या सोयीसाठी' असं पत्रात आहे. त्याला कुणी एका शब्दानं बोललं नाही. आणि पगार पूर्ण, कारण सुपरवायझरांचा पगार कापायचा नियमच नाही.

मी हातातली वाटी आपटली. वन्सं म्हणाल्या, "आपटू नकोस. माझाही पूर्णच आहे. खुर्ची स्पिरिटनं पुसून घेतली. उद्या बँकेत जाते." आणि पर्समधून नवं पेन काढून दाखवलं, टोपणासकट.

"मिटलं ना एकदाचं?" हे म्हणाले.  माझं मिटलेलं नाही.

संध्याकाळी दिव्यापुढे बसले, तर त्या माणसाची बायको मनात आली. मी तिला कधी पाहिलेलं नाही. आता तिच्या घरात, तिच्या टेबलाशी, तिच्या पेनांपाशी तो दिवसभर बसणार. तिला कुठला अर्ज? तिच्यासाठी मी हात जोडले. ह्या खेपेला सद्बुद्धी मागितली नाही. साबण मागितला.