गाबोरोनहून आलेलं पार्सल

शोशोंग गावात बाईला तिच्या पहिल्या लेकराच्या नावाने हाक मारतात. म्हणून तिला सगळे म्माकेलेबोगिले म्हणत, म्हणजे केलेबोगिलेची आई. मुलीच्या त्या नावाचा अर्थ 'मी उपकार मानते' असा होतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

केलेबोगिलेला लग्नाआधी मुलगी झाली, सेथुन्या. पोरीचं अंगावरचं दूध सुटताच तिला आजीच्या अंगणात सोडून केलेबोगिले राजधानीत, गाबोरोनला, कामाला गेली. यात कोणाला वावगं वाटलं नाही. पहिलं नातवंड आजीकडेच वाढतं. पण बाकीच्या पोरांना नाताळासाठी शहरातून नवे कपडे यायचे, आणि नाताळच्या सकाळी ती सगळी ते घालून गावभर मिरवायची. सेथुन्याला काहीच येईना. एका नाताळाला पोर जुन्याच फ्रॉकमध्ये दिवसभर घराच्या मागे लपून बसली.

ते आजीला बघवलं नाही. पुढच्या वर्षापासून ती पहाटे उठून मैद्याच्या गोड मग्विन्या तळायची आणि शाळेच्या फाटकाशी विकायची. डिसेंबर आला की जवळच्या महालाप्येच्या चिनी दुकानातून फ्रॉक घ्यायची, तपकिरी कागदात बांधायची आणि गुपचूप बसच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. संध्याकाळी बस गावात शिरली की तो भला माणूस दारातूनच ओरडायचा, "सेथुन्या कुठाय? आईनं पाठवलंय, गाबोरोनहून!"

पोर नाचत घरी आजीकडे यायची. "न्कुकू, बघ ना! आईला माझं माप कसं कळलं गं?"

"नऊ महिने पोटात ठेवलं होतं तुला," आजी म्हणायची. "माप कळणार नाही?"

बूट आले, दप्तर आलं. चांगलं ते सगळं आईच्या नावावर आणि रागावणं तेवढं आजीचं, अशी त्या घरातली वाटणी होती. आईने टाकलं, हे पोरीला कळू नये एवढ्यासाठी ही सगळी खटपट.

मग केलेबोगिलेचं शहरात लग्न झालं, घर झालं, आणि नऊ वर्षांची लेक एकाएकी आठवली. ईस्टरला ती पोरीला न्यायला आली. आजी म्हणाली, "सुट्टीत ने की खुशाल. शाळा मात्र इथंच होऊ दे." केलेबोगिलेने आईच्या हातचं मटण दोनदा मागून घेतलं, "बरं, आई," म्हणाली आणि गेली. पुढच्या महिन्यात पोरीच्या ताब्यासाठी कोर्टाचं बोलावणं दारात! खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ पाहिलेत, ही वासेच काढून न्यायला निघाली होती.

कोर्टात मॅजिस्ट्रेट बाईंनी सेथुन्याला आपल्या खोलीत नेऊन तिच्याशी गप्पा मारल्या. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "मुलगी सांगते, दर नाताळाला आई कपडे पाठवते. म्हणते, आईला माझं माप न बघताच कळतं. केलेबोगिले, हे खरं आहे?"

म्माकेलेबोगिलेने लेकीकडे बघितलं. माझ्या पोटची आहे, तिला वाटलं, न पाठवलेलं पाठवलं म्हणणार नाही.

केलेबोगिलेनेही आईकडे बघितलं. पार्सलं कोणाची होती ते तिला त्या क्षणी कळलं. लेकीच्या डोळ्यांत ते म्माकेलेबोगिलेला स्पष्ट दिसलं. मग तिने मान वळवली.

"हो," ती म्हणाली. "जमेल तसं पाठवत होते."

"तुम्हाला काही सांगायचंय, म्मा?" बाईंनी आजीला विचारलं.

समोरच्या बाकावर सेथुन्या पाय हलवत बसली होती. पायांत 'आईने पाठवलेले' बूट. 'मी आणले' एवढे दोनच शब्द पुरे होते. पण ते लागले असते पोरीला.

"तिनंच पाठवले," आजी म्हणाली.

निकाल आईच्या बाजूने लागला. बाहेर आल्यावर म्माकेलेबोगिलेने लेकीचा दंड धरला. "लाज नाही वाटली हो म्हणताना?"

"मग पोरीदेखत काय म्हणू?" केलेबोगिले हात सोडवून घेत म्हणाली. "तूच शिकवलंयस ना तिला?"

लेकीने दगा दिला होता, आणि त्यासाठीचं हत्यार आईनेच वर्षानुवर्षं धार लावून ठेवलं होतं. त्या दिवसापासून म्माकेलेबोगिलेने मग्विन्या तळणं सोडलं.

डिसेंबरात फोन आला. "आई, तीन फ्रॉक आणले, एकही धड बसेना. कार्टी रडतेय. म्हणते, तुला तर न बघता माप कळायचं, आता काय झालं? आई, सांग ना, कुठला नंबर घ्यायचीस?"

म्माकेलेबोगिलेला नंबर पाठ होता. यंदा बाह्या केवढ्या लांब लागतील तेही ती न बघता सांगू शकली असती.

"पोटात तू ठेवलं होतंस ना?" ती म्हणाली. "मग तूच आठव."

तिने फोन बंद केला. आणि मग ती रडत बसली, कारण नाताळच्या सकाळी आखूड फ्रॉक घालून बाहेर पडणार होती ती सेथुन्या.