बयाबाईची डहाळी

बयाबाई कधी कुणाच्या मागून चालली नाही, लग्नाच्या वरातीतसुद्धा नवऱ्याच्या दोन पावलं पुढेच होती, असं वाडीतले लोक अजून सांगतात. आंबेनळी घाटाखालच्या या वाडीला धरणाचं तळं लागून आहे. तळ्याच्या कडेनं ऐनाच्या रानातून एक वाट जाते आणि ओढ्याच्या तोंडाशी तिला दोन फाटे फुटतात. वरचा फाटा रानातूनच पुढे जातो. खालचा वाळूत उतरतो. दरड कोसळली त्या साली ओढ्यानं आणून टाकलेल्या त्या वाळूची माणसाच्या डोक्यावर जातील अशी टेकाडं झाली आहेत. टेकाडं कोरडी असतात, पण त्यांच्यापलीकडे पाण्याजवळ पाय पडला तर तो मांडीपर्यंत जातो. शेळ्यांमागे हिंडून बयाबाईला या वाटेचा दगड न् दगड पाठ होता.

रानात चालायची इथली एक रीत आहे. वाट खचलेली दिसली किंवा गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं, की पहिल्या माणसानं हिरवी डहाळी मोडून त्या वाटेवर आडवी टाकायची. मागून येणारा मुकाट दुसरीकडून जातो. बयाबाई डहाळीच्या शेंड्याला पीळ देऊन गाठ मारायची, त्यामुळे तिची डहाळी लांबूनही ओळखू यायची.

ही रीत तिनं धाकट्या जावेला, येसूबाईला, शिकवली होती. येसू नवी नवरी होती तेव्हा बयाबाईच्या मागे मागे शेळ्यांना जायची. मग तिच्या नवऱ्याला, मंगेशला, मुंबईत काम लागलं आणि ती गेली. पोरं मार्गी लागल्यावर दोघं परत आली, ती येताना हिंदी आणि थोडं इंग्रजी घेऊनच. तळ्याकाठी फिरायला शहरातले लोक येऊ लागले तेव्हा त्यांनी आधी बयाबाईलाच विचारलं होतं. पण तिचं बोलणं त्यांना दोनदा विचारावं लागायचं, आणि दुसऱ्यांदा सांगायला बयाबाई तयार नसायची. येसूनं एकदा हसून उत्तर दिलं आणि झालं. तेव्हापासून दर रविवारी टोपी घालून येसू पुढे आणि माणसांची रांग मागे.

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. बयाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. येसू कुणाचं वाईट चिंतत नव्हती, उलट येताना मोठ्या जावेला बिस्किटांचा पुडा आणायची. बयाबाई तो शेळीला घालायची. तिला बिस्किटं नको होती. तिला ती रांग हवी होती, आपल्या पाठीमागे चालणारी.

त्या रविवारी महाडहून सहली काढणाऱ्या माधुरीबाई पंधरा-वीस जणांना घेऊन येणार होत्या. येसू आदल्या दिवसापासून मिरवत होती, निदान बयाबाईला तसं वाटलं. सकाळी शेळ्या घेऊन बयाबाई फाट्याशी पोहोचली आणि वरच्या वाटेकडे बघत उभी राहिली. वाट ठणठणीत होती. तिनं ऐनाची एक डहाळी मोडली, सवयीनं शेंड्याला गाठ मारली आणि वरच्या वाटेवर आडवी टाकली. मग ती करवंदीच्या जाळीमागे जाऊन बसली. कुणी मरणार नव्हतं. चारचौघांत येसू चिखलात फसावी, लोकांनी हसावं, आणि पुढच्या रविवारी दुसरं कुणी शोधावं, एवढंच तिला हवं होतं.

रांग आली. फोनमध्ये बघून माधुरीबाई म्हणाल्या की नकाशात तर वरचीच वाट दाखवली आहे. येसूनं खाली वाकून डहाळीची गाठ बघितली आणि अभिमानानं सगळ्यांना सांगितलं,

"फोन ऱ्हावू द्या. ही आमच्या आक्काची डहाळी हाय. मला ही वाट तिनंच दाखवली. ती आडवी टाकती तिथं आम्ही पाय टाकत नाय."

जाळीमागे बयाबाईला काटा टोचला तरी ती हलली नाही. आता उठावं असं तिला वाटलं, पण उठून सांगायचं काय?

येसू टेकाडांमधून पुढे निघाली. खालची वाळूही तिला माहीत होती, म्हणून लोकांना कोरड्यात थांबवून तिनं स्वतः काठीनं जमीन चाचपली. तिसऱ्या-चौथ्या पावलाला काठी खाली गेली आणि पाठोपाठ येसू मांडीपर्यंत आत गेली. टोपी पाण्यात पडली. कुणीही हसलं नाही. दोघं-तिघं धावले तर येसूनं हात करून त्यांना मागेच थांबवलं आणि वरच्या रानाकडे तोंड करून हाक मारली.

"आक्का गोऽ! वरची वाट खचून गेलीय न् तू कुठं हायस? बरी हायस ना गो?"

बयाबाई उठली. शेळ्या तिथंच टाकून ती खाली आली, पदर कमरेला खोचून वाळूवर पालथी पडली आणि तिनं येसूला काखेत धरून ओढून काढलं. येसूला रडू आलं, पण ते आक्का सुखरूप दिसली म्हणून. माधुरीबाईंनी बयाबाईचे हात धरले. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "मावशी, आता तुम्हीच पुढे चला."

इतकी वर्षं जे हवं होतं ते असं मिळालं. खालून जाता येत नव्हतं, म्हणजे एकच वाट उरली होती.

"वरनं चला," बयाबाई म्हणाली.

"वरची गेलीय ना गो?" येसूनं विचारलं.

फाट्यावर येऊन बयाबाईनं आपली डहाळी उचलून बाजूला टाकली आणि चालू लागली. तिच्या मागे येसू, येसूच्या मागे ती सगळी रांग. वाट कुठेही खचलेली नव्हती. पोळं नव्हतं, दरड नव्हती, साधा दगडसुद्धा निसटलेला नव्हता. मागून येसूच्या ओल्या चपलांचा आवाज येत होता, मध्येच तो थांबला आणि मग पुन्हा येऊ लागला. वाट संपेपर्यंत बयाबाईनं एकदाही मागे वळून बघितलं नाही.