पाठीवरचा पिवळा ठिपका

मामा गळासाठी फोमचे किडे बांधतात. जुन्या स्लिपरच्या काळ्या फोमची पट्टी आकड्यावर ठेवून दोऱ्याने आवळायची, रबराचे पाय लावायचे. असा किडा बुडत नाही; डोंगरातल्या थंड तळ्यात तो तरंगताना पाहून ट्राउट मासा वर येतो. शेवटी मामा किड्याच्या पाठीवर पिवळ्या फोमचा ठिपका चिकटवतात.

"माशाला पिवळा आवडतो?" मी एकदा विचारलं होतं.

"मासा खालून बघतो. त्याला नुसतं काळं पोट दिसतं. पिवळा आपल्यासाठी, किडा लांबून दिसावा म्हणून."

तेव्हा तो ठिपका मुगाएवढा होता. दर वर्षी तो थोडा मोठा होत गेला. माणसाचं वय कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. मामांचं किड्याच्या पाठीवर बसलं.

यंदा ठिपका अंगठ्याच्या नखाएवढा आहे. मामांनी गळ टाकला, किडा लांब पाण्यावर टेकला. थोड्या वेळाने पाणी हललं, माशाने किडा खाली ओढला आणि पिवळा दिसेनासा झाला. मी मामांकडे पाहिलं. डोळे बारीक करून ते त्याच जागेकडे बघत होते.

"दिसतोय बघ," ते समाधानाने म्हणाले, "अगदी स्वच्छ."