रक्तातल्या दारांची चौकशी

जगातले सगळे प्रश्न आपल्या एकट्यासाठीच शिल्लक ठेवलेत, अशा समजुतीनं आमचे आतोबा आळे गावात आयुष्यभर वावरत आलेत. बेल्ह्याच्या बाजारात बैल घ्यायला गेले की विकणाऱ्याला इतकं विचारत, की तो बिचारा कंटाळून बैलासकट घरी परते. एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी त्यांनी भटजींना विचारलं होतं, "एकानं जांभई दिली की दुसऱ्याला का येती वो?" मग दोघांनाही आली.

त्यांची गुरं नेणाऱ्या टेम्पोवाल्या बाळूला एचआयव्ही आहे, हे गावात फुटलं. हॉटेलात त्याच्यापुरता चहा कागदी कपातून, बाहेरच्या बाकावर येऊ लागला. मालक म्हणाला, "परमुलखातला रोग ह्यो. आपल्या रगताला नाय व्हत. बाळू लांबलांब फिरतो, म्हून झाला." सगळ्यांनी माना डोलावल्या. आतोबांना मात्र प्रश्न पडला. संकरित गाईला गोचीडताप चटकन होतो, गावठी गाय तग धरते, हे त्यांनी पाहिलं होतं. मग माणसांचं काय? दुसऱ्याच दिवशी माझ्या मोटारसायकलवर बसून ते तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे आले.

बाई म्हणाल्या, "प्रश्न चांगलाय, बाबा. आपल्या पांढऱ्या पेशींवर दारांसारखी प्रथिनं असतात. विषाणू तिथूनच आत शिरतो. वेगवेगळ्या खंडांतल्या लोकांची सरासरी काढली, तर या दारांत थोडा फरक दिसतो. युरोपाकडच्या मोजक्या लोकांत तर त्यातलं एक दार जन्मतःच नसतं. पण एकाच गावातल्या दोघांत त्याहून जास्त फरक निघू शकतो. सरासरीच्या भरवशावर कुणी राहू नये."

"म्हंजी आळ्याची माणसं न् पल्याडच्या लोणी गावाची माणसं?"

"दोघांनीही काळजी घ्यायची."

"आन् त्याच्या गलासातनं चहा पिला तर?"

"काही होत नाही."

"का नाय व्हत?"

बाहेरची रांग बराच वेळ खोळंबली.

परतताना आतोबा थेट हॉटेलात शिरले. "आपलं रगत, आपलं रगत म्हंतोस," ते मालकाला म्हणाले, "तुज्या पेशींवर दारं किती, मोजलीस का?" मालक गल्ल्यातली नाणी मोजू लागला. आतोबांनी काचेच्या ग्लासात चहा घेतला, बाहेर बाळूशेजारी बाकावर बसून अर्धा प्यायला आणि ग्लास त्याच्यापुढे धरला.

"ऱ्हाऊ द्या, आबा," बाळू पुटपुटला.

"पी रं. मला येगळंच इचारायचंय. तुजी गोळी त्या दारावर बसती, का आत शिरलेल्याला गाठती?"

बाळूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यातच तो हसला. "मला काय म्हाईत, आबा!"

"मग जाऊन इचारू की." पुढच्या वेळी बाळू गोळ्या आणायला गेला, तेव्हा आतोबा सोबत होते. नंतरही जात राहिले. हॉटेलातला कागदी कप काही लगेच सुटला नाही, पण बाकावर बाळू एकटा कधी दिसला नाही.

बाळू अजून टेम्पो चालवतो, तब्येत राखून आहे. आतोबांना मात्र हल्ली ऐकू येत नाही. परवा भेटायला गेलो, तर हात धरून म्हणाले, "मधमाशीला आपलं म्हातारपण कळत आसंल का रं?" मी कानाशी ओरडलो, "ठाऊक नाही!" त्यांना ते ऐकू गेलं नाही. पण फार मोठं उत्तर मिळाल्यासारखी त्यांनी समाधानानं मान हलवली.