झेरॉक्समधली बहीण

शहापूरच्या शाळेत मी इतिहास शिकवायचे आणि सुट्टी मिळाली की पुण्याच्या सरकारी चित्रपट संग्रहालयात जाऊन जुन्या सिनेमांचे कागद चाळायचे. सापडेल ते हाताने उतरवून घ्यायचं, चार पानांचं पत्रक तयार करायचं आणि झेरॉक्स काढून पन्नासेक वाचकांना टपालाने धाडायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे हौसेने सुरू केलं. दहा वर्षांनी हौस संपली होती, सवय उरली होती. घरचे विचारत, "कोण वाचतं हे?" मला खात्रीने सांगता येत नसे.

एका अंकात मी एक फोटो छापला. पन्नासेक वर्षांपूर्वी डोळखांबच्या जंगलात चित्रीकरण झालेल्या एका सिनेमाचा. सिनेमाची रिळं कधीच नष्ट झालेली. जुन्या मासिकातला हा फोटो तेवढा उरला होता. झेरॉक्समध्ये चेहरे काळवंडले होते, तरी पाड्यांवरच्या सहा मुली नाचताना दिसत होत्या. खाली मी लिहिलं, 'नर्तकी अज्ञात'.

पंधरा दिवसांनी डोळखांबच्या एका निवृत्त गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. 'यातली एक आमच्याकडे आहे. येऊन भेटा.'

रविवारी एसटीने गेले. पुढे तिच्या पाड्यापर्यंत गुरुजींबरोबर तासभर चढण. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. म्हातारी अंगणात नाचणी पाखडत होती. मी वही काढून विचारलं, दिग्दर्शक कोण होता, कॅमेरा कुठे लावला होता. तिला आठवत होतं ते एवढंच, की भर उन्हात तोच नाच पुन्हा पुन्हा करायला लावला आणि पाय पोळले.

मग मी पत्रक पुढे केलं. तिने ते डोळ्यांजवळ नेलं.

"ही माजी मोठी बहीन," मधल्या मुलीवर बोट ठेवून ती म्हणाली. "दुसऱ्या साली बाळंतपनात गेली. तिचं तोंड मी इसरले व्हते, बाय."

"आणि तुम्ही कुठल्या, आजी?"

"मी आसंन कुठंतरी." तिने बोट काही हलवलं नाही.

पत्रक तिच्याकडेच ठेवून मी परतले. पुढच्या अंकात बहिणीचं नाव छापलं. म्हातारीला फोटोची स्वच्छ प्रत द्यावी म्हणून पुण्याला अर्ज केला. तीन खेपा झाल्या, सही राहिली, साहेब रजेवर गेले. प्रत हातात पडायला पावसाळा उलटला.

मी पुन्हा चढण चढले. फोटो लख्ख होता, केसांतली फुलंसुद्धा दिसत होती. म्हातारीने तो पाहिला आणि परत दिला.

"ही नाय ती."

"नीट बघा ना, आजी. तोच फोटो आहे."

"तोच आसंल. पन हिचं नाक येगळं हाय."

मी खालीच बसले. अंक तर केव्हाच गेले होते. म्हातारी आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं ते काळपट पत्रक घेऊन आली.

"ह्यात हाय ती. ह्यो कागद मी देनार नाय."

मी तो मागितलाच नव्हता. तिने मला कोरा चहा दिला. उतरताना गुरुजी म्हणाले, "तुमचा हेलपाटा फुकट गेला."

पुढच्या अंकात दोन ओळी टाकल्या: मागे दिलेल्या नावाची खात्री पटलेली नाही. पत्रक त्यानंतरही काही वर्षं चाललं. त्या दोन ओळींबद्दल एकाही वाचकाने विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं.