शेवटचं प्रकरण

शेतात लेंडीखत पसरलं की हौसा आठवते. जतकडच्या धनगराची पोर. खतासाठी माझ्या वडिलांनी त्या धनगराची मेंढरं तीन दिवस आमच्या कडेगावच्या रानात बसवली होती. आम्ही दोघी सतराच्या. इअरफोनचं एकेक टोक कानात घालून माझ्या मोबाइलवर ताटातूट झालेल्या दोन मैत्रिणींची कादंबरी ऐकायचो. कळप निघायची वेळ आली, तशी मी वाचनाची गती दुप्पट केली. वाचणाऱ्या बाईचा आवाज चिरका झाला, तरी हौसा डोळे मिटून ऐकत राहिली. शेवटचं प्रकरण राहिलंच.

घोड्यावर बिऱ्हाड लादून झाल्यावर तिनं माझा हात गच्च धरला. "माझं लगीन ठरलंय. शेवटाला त्या दोघी भेटत्यात न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले.

शेवट मी आधीच एकटीनं ऐकला होता. त्या भेटत नाहीत. तेव्हा वाटलं, तिला धीर दिला. आता वाटतं, ती अजून माझी वाट बघत असेल.