व्हॅनमधली शेवटची सीट

रियाध मेट्रोच्या स्टेशनबाहेर कुणीतरी थर्मास उघडला. अरबी कॉफीतल्या वेलदोड्याचा वास आला आणि मी मनाने पुन्हा कित्येक वर्षांपूर्वीच्या, लाल समुद्राकाठच्या यान्बूच्या व्हॅन-अड्ड्यावर उभा राहिलो.

त्या दिवशी दुपार कलली होती, समुद्राकडून ओलसर वारा येत होता. जेद्दाच्या विमानतळावर बायको उतरणार होती आणि तिच्या कडेवर मी अजून न पाहिलेली माझी मुलगी. पाणी, खाऊ, बाळाची टोपी, सगळं आठवणीने घेतलं होतं. पण भरल्याशिवाय व्हॅन सुटत नाही, हे हिशेबात धरलंच नव्हतं. एक सीट रिकामी होती आणि ड्रायव्हर निवांत कॉफी पीत होता.

मला सोडायला आलेले रत्नागिरीचे दाऊदभाई, आमच्या कामगार कॅम्पातले वेल्डर, कामाच्या कपड्यांतच आत चढले.

"अहो, तुम्ही कुठे?"

"जेद्दाला. नात बघायला नको?" आणि ड्रायव्हरला म्हणाले, "खलास, भरली. यल्ला!"

खिडकीबाहेर वाळू तांबूस होत गेली. माझ्या खांद्यावर डोकं टेकून ते जेद्दापर्यंत झोपले.

आज मेट्रो अर्धी रिकामीच आली आणि वेळेवर सुटली. सोयीचंच आहे. पण शेजारच्या मोकळ्या सीटवर मला बॅग ठेववेना.